रोलरवर चढवण्याआधी गाडीचं म्हणणं ऐका

पांढरी ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० माझ्या भोसरीच्या शेडमध्ये आली, तेव्हा तिच्या मालकानं टर्बो बदलायचं जवळपास ठरवूनच टाकलं होतं. हिंजवडीत नोकरी करणारा तरुण मुलगा. गाडी सेकंडहँड घेतलेली, टर्बोकडून येणारी हवा गार करणारा मोठा इंटरकूलर आधीच बसवून घेतलेला. दुसऱ्या एका गॅरेजच्या डायनोवर (चाकं रोलरवर पळवून गाडीची ताकद मोजायचं यंत्र) तीन रन काढले होते आणि तिन्ही वेळा ३,८०० आरपीएमच्या आसपास ताकद अशी पडली होती, की जणू कुणी मागून गाडी धरून ठेवली. "काका, रस्त्यावर एवढं जाणवत नाही, पण हा ग्राफ बघा ना," म्हणत त्यानं मोबाइल पुढे केला. टर्बो गेला, असं त्याला सांगण्यात आलं होतं.

मी गाडी रोलरवर चढवली आणि लॉग लावून, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद घेत, एकच रन काढला. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल शेवटपर्यंत शंभर टक्के. थ्रॉटलची झडप मात्र ८० वरून एकदम २० च्या घरात आलेली. बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला हवेचा दाब, पडला होता तो झडप मिटल्यामुळे. आणि झडप मिटायला सांगितलं होतं एबीएसच्या मॉड्यूलनं. त्याच्या बाजूनं विचार करा: पुढची चाकं ताशी शंभरच्या वर पळताहेत, मागची दोन्ही जागेवर उभी आहेत. चिखलात किंवा बर्फात चाकं फिरली तर त्याला हेच दिसतं. त्यानं इंजिनला सांगितलं, टॉर्क कमी कर. इंजिननं केला. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं होतं आणि माणसानं टर्बोवर ठपका ठेवला होता.

मी मूळचा वायरमन. टेस्ट लॅम्प, पक्कड आणि इन्सुलेशन टेप, एवढ्या भांडवलावर कामाला लागलो. कार्ब्युरेटरच्या गाडीत पाय दाबला की तारेनं झडप उघडायची, मध्ये कुणी नव्हतं. आजच्या गाडीत तुमचा पाय म्हणजे फक्त एक अर्ज. पेडलचा सेन्सर तो अर्ज ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे देतो, ईसीयू त्याचा टॉर्कच्या मागणीत हिशेब करतो, मग गिअरबॉक्स, एबीएस, तापमानाचे सेन्सर, नॉकचे (सिलिंडरमधला अवेळी भडका ओळखणारे) सेन्सर असे सगळे आपापलं मत देतात, आणि सगळ्यात कमी आकडा ज्यानं दिला त्याचं चालतं. परफॉर्मन्स गाडीचं टेस्टिंग आणि ट्यूनिंग करायचं असेल तर आधी हे शोधायला शिका: टॉर्क कोण नाकारतंय आणि का. मॅप, म्हणजे ईसीयूतले इंजिन कसं चालवायचं त्याचे तक्ते, बदलणं फार नंतरचं काम आहे.

बॅटरी

टेस्टिंगला गाडी आली की मी पहिल्यांदा मल्टीमीटर बॅटरीवर लावतो. तास-दोन तास उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.४ च्या खाली असेल तर त्या दिवशी ईसीयूत काही लिहायचं नाही. इंजिन बंद आणि इग्निशन चालू असताना सगळे मॉड्यूल जागे असतात आणि बॅटरी गुपचूप खात असतात. अर्ध्या तासात व्होल्टेज खाली येतं आणि मग स्टिअरिंग, एबीएस, गिअरबॉक्स, सगळीकडून कमी व्होल्टेजचे कोड यायला लागतात. नवखा माणूस ते खरे फॉल्ट समजून दिवसभर त्यांच्या मागे धावतो.

फ्लॅशिंगच्या वेळी तर बॅटरी म्हणजे जीव. ईसीयूत नवं लिहिताना आधी जुनं पुसलं जातं. मधेच व्होल्टेज बसलं तर गाडीत ना जुना मॅप उरतो ना नवा. हे मी २०१४ मध्ये एका डिझेल सेडानवर शिकलो. साधा गॅरेजचा चार्जर लावून लिहायला घेतलं. निम्म्याहून जास्त काम झालं आणि रेडिएटरचा फॅन आपोआप फुल स्पीडवर सुरू झाला. बऱ्याच गाड्यांत ईसीयू गप्प झाला की सुरक्षेसाठी फॅन असाच सुरू होतो. व्होल्टेज खाली गेलं, टूलचं कनेक्शन तुटलं, गाडी निपचित. ईसीयू बाहेर काढून, टेबलावर उघडून, बूट मोडमध्ये नेऊन तो परत जिवंत करायला दोन दिवस लागले. मालकाला दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला लग्नाला जायचं होतं. माझी स्वतःची गाडी त्याच्या हातात दिली आणि मी शेडमध्ये झोपलो.

तेव्हापासून फ्लॅशिंगला वेगळा स्थिर पॉवर सप्लाय लावतो. साडेतेरा व्होल्टच्या आसपास अढळ राहणारा आणि ७० अँपियरपर्यंत देऊ शकणारा. साध्या चार्जरचं व्होल्टेज लाटांसारखं वरखाली होतं, ते इथे चालत नाही. दिवे, एसी, ब्लोअर, म्युझिक सिस्टीम बंद. लॅपटॉप चार्जिंगवर, त्याचं स्लीप आणि अपडेट बंद, वायफाय बंद. आणि आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारी, म्हणून माझ्या शेडमध्ये गुरुवारी फ्लॅशिंग होत नाही. इन्व्हर्टर आहे, तरीही नाही.

कोड पुसायची घाई नको

स्कॅनर लावला की इंजिनपुरता वाचून थांबू नका. एबीएस, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एअरबॅग, गेटवे (बाकीच्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवणारा), सगळे मॉड्यूल वाचा आणि रिपोर्ट साठवून ठेवा. प्रत्येक कोडसोबत फ्रीझ फ्रेम असते: फॉल्ट आला तेव्हा आरपीएम किती, लोड किती, पाणी किती तापलं होतं. काही गाड्या किलोमीटरही देतात. ही त्या गाडीची जबानी आहे. कोड पुसला की जबानीही गेली. शिवाय बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्याबरोबर फ्युएल ट्रिमची शिकवणी शून्यावर जाते, आणि इंजिन आतापर्यंत पेट्रोल वाढवून घेत होतं की कमी करून, हेही तुम्हाला मग कळत नाही. म्हणून आधी ट्रिम लिहून घ्या, रिपोर्ट ठेवा, त्यानंतरच पुसा.

त्याच वेळी ईसीयूचा सॉफ्टवेअर नंबर वहीत लिहा आणि मूळ फाइल वाचता येत असेल तर दोन ठिकाणी ठेवा. सेकंडहँड गाडी असेल तर आधीच कुणी तरी मॅप टाकलेला असण्याची शक्यता गृहीतच धरा. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांचे सॉफ्टवेअर नंबर वेगळे असू शकतात. मित्राच्या गाडीची फाइल आपल्या गाडीत टाकणाऱ्यांना मी हात जोडून परत पाठवतो.

वायरिंग

आमच्या पिढीच्या वायरमन लोकांनो, टेस्ट लॅम्प बाजूला ठेवा. तो बल्ब स्वतः करंट ओढतो. रिले आणि फ्यूजच्या कामात ते ठीक होतं. ईसीयूच्या सेन्सर किंवा ड्रायव्हर लाइनवर तोच लॅम्प लावला तर आतला नाजूक भाग जळू शकतो. चांगला मल्टीमीटर घ्या, जमलं तर दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप. वायर सोलून टोचू नका, कपलरच्या मागून पातळ पिन सरकवून मोजा. टोचलेल्या वायरीत पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं आणि हिरवं कीट चढतं.

कॅन बस हा प्रकार १९८६ मध्ये बॉशनं जगासमोर आणला. दोन पिळलेल्या वायरींवर गाडीतले सगळे मॉड्यूल बोलतात. स्कॅनर लावायच्या ओबीडी सॉकेटमध्ये पिन ६ कॅन हाय आणि पिन १४ कॅन लो. बॅटरीची निगेटिव्ह काढून, मॉड्यूल झोपेपर्यंत थांबून, या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, ते समांतर असल्यानं ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा संबंध तुटलाय. शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी कुठे तरी एकमेकींना चिकटल्यात. पण एक सावधगिरी: बऱ्याच नव्या गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे असतो. तिथे मोजलेले ६० ओहम फक्त डायग्नोस्टिकच्या लाइनचे असतात, इंजिनच्या बसचे नव्हे. आत बघायचं असेल तर त्या बसवरच्या एखाद्या मॉड्यूलच्या कपलरवर जाऊन मोजावं लागतं.

मोजायच्या आधी डोळ्यांनी बघा. उंदरांनी कुरतडलेलं हार्नेस, बाहेरून बसवलेला अलार्म, डॅशकॅमसाठी कुठे तरी मारलेला जोड, ओबीडीत कायम खुपसलेला ट्रॅकर. हे डोंगल सॉकेटवर सतत प्रश्न विचारत असतात आणि लॉगिंगच्या मध्ये येतात. फ्लॅशिंगच्या आधी तर काढाच. तसंच पिगीबॅक बॉक्स. बूस्टच्या सेन्सरला मधेच गाठून ईसीयूला खोटा, कमी आकडा सांगणारा हा डबा गाडीत असेल तर तुमच्या लॉगमधला बूस्टही खोटा असतो. खोट्या लॉगवर मॅप बनवणं म्हणजे वाकड्या टेपनं घर मोजणं. मी आधी डबा काढतो, मग बोलतो.

रोलरवर

डॅशबोर्डवरचं ट्रॅक्शनचं बटण दाबलं म्हणजे ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद झालं, असं समजू नका. बऱ्याच गाड्यांत ते बटण फक्त मोकळीक थोडी वाढवतं, पहारेकरी जागाच राहतो. कंपन्यांनी रोलरसाठी वेगळा डायनो मोड ठेवलेला असतो. कुठे तो स्कॅनरमधून सुरू होतो, कुठे इग्निशन, पेडल आणि बटणांच्या ठरावीक क्रमानं. तो क्रम त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. अंदाजानं पेडलं मारत बसू नका.

एबीएसचा फ्यूज काढणं हा गॅरेजातला लाडका उपाय आहे. मी तो करत नाही. चाकांचा वेग एबीएसकडूनच बाकीच्यांना कळतो. तो गायब झाला की अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इमर्जन्सी मोडमध्ये जातात, आणि मग तुम्ही जे मोजता ते त्या गाडीचं खरं वागणं नसतं. शिवाय पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल सांभाळणारी यंत्रणाही त्याच मॉड्यूलमध्ये असते. फ्यूज परत लावायचा राहिला आणि गाडी रस्त्यावर गेली, तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होऊ शकतात.

इलेक्ट्रिक हँडब्रेक आणि ऑटो होल्ड बंद आहेत ना, ते रन काढायच्या आधी हातानं तपासा. रडार किंवा कॅमेऱ्यावर आपोआप ब्रेक लावणारी गाडी असेल तर ती यंत्रणा मेन्यूमधून बंद करा. तुमच्यासाठी समोर कूलिंगचा पंखा आहे, तिच्यासाठी ताशी शंभरला समोर आलेली भिंत आहे. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी फक्त चारही चाकांच्या, पुढचे-मागचे रोलर एका वेगानं फिरवणाऱ्या डायनोवर. दोन चाकांच्या रोलरवर ती चढवायची नाही, जुगाड कितीही सुचला तरी.

आणि हवा. डायनोसमोरचा पंखा कितीही मोठा असला तरी तो ताशी दीडशेचा वारा देत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रनला आत जाणारी हवा तापते आणि ईसीयू इग्निशन मागे घेतो. एप्रिलच्या दुपारी भोसरीत शेडमध्येच ४० अंश असतात. मी पहिला रन कच्चा धरतो, पुढच्या प्रत्येक रनच्या आधी इनटेकचं तापमान बाहेरच्या हवेच्या दहा-बारा अंशांत येईपर्यंत थांबतो, आणि मुख्य रन सकाळी आठच्या आत उरकतो. बॉनेट रस्त्यावर जसं असतं तसंच, बंद.

लॉग कसा वाचायचा

इथे घाई करू नका, कारण खरी विद्या इथेच आहे.

स्कॅनरवर सतरा गोष्टी टिकमार्क करू नका. ओबीडीवर जितकी जास्त चॅनेल मागाल तितकं प्रत्येक चॅनेल हळू येतं. रन आठ-नऊ सेकंदांचा. सेकंदाला दोनच नोंदी आल्या तर अर्ध्या सेकंदात झालेला घोटाळा तुमच्या नजरेतून निसटला. म्हणून मी आठ-दहा चॅनेलांचे दोन गट करतो आणि दोन वेगळे रन काढतो.

निवडताना एकच धोरण: मागणी आणि मिळकत, जोडीनं. मागितलेला टॉर्क आणि दिलेला टॉर्क. मागितलेला बूस्ट आणि आलेला बूस्ट. मागितलेला लॅम्डा (हवा-इंधनाच्या मिश्रणाचं माप) आणि मोजलेला लॅम्डा. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर रेलचं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं, मागितलेलं आणि प्रत्यक्ष प्रेशर. पेडल आणि थ्रॉटल. जोडीला आरपीएम, इनटेकचं तापमान आणि प्रत्येक सिलिंडरचा नॉक रिटार्ड, म्हणजे नॉकमुळे ईसीयूनं इग्निशन किती अंश मागे घेतलं.

आता वाचायचा क्रम. सगळ्यात आधी पेडल आणि थ्रॉटल बघा. पेडल पूर्ण दाबलेलं आणि थ्रॉटल मिटत असेल तर कुणी तरी टॉर्क नाकारलाय. लगेच मागितलेल्या टॉर्ककडे वळा. मागणीच कमी झाली असेल तर ती कापणारा बाहेरचा आहे: एबीएस, गिअरबॉक्स, तापमान. मागणी कायम असून फक्त झडप मिटली असेल तर बहुधा बूस्ट ठरवल्यापेक्षा जास्त झाला आणि ईसीयूनं झडपेनं तो कापला. टर्बोचा दाब आवरणाऱ्या वेस्टगेटच्या नियंत्रणाकडे बघा.

मागणी मोठी आणि मिळकत कमी, म्हणजे २,१०० मिलिबार मागितले आणि १,९०० आले, तर हवा कुठे तरी जातेय किंवा टर्बो थकलाय. निकाल द्यायच्या आधी स्मोक टेस्ट करा, म्हणजे पाइपांत धूर सोडून गळती शोधा. दहापैकी आठ वेळा माझ्याकडे पाइप, क्लॅम्प किंवा चिरलेला होज निघालाय. टर्बो विकत घेणं सोपं असतं, चौदा मिलिमीटरचा क्लॅम्प शोधणं कठीण.

मग नॉक. एखाद्या सिलिंडरवर एकदाच दोन-तीन अंश रिटार्ड आला आणि निघून गेला, तर मी नोंद करून पुढे जातो. तोच सिलिंडर प्रत्येक रनला ओरडत असेल तर त्याचा प्लग, कॉइल, इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरचा कार्बन बघतो. चारही सिलिंडर एकत्र ओरडत असतील तर दोष पेट्रोलचा, उष्णतेचा किंवा मॅपचा. अशा वेळी इग्निशन आणखी पुढे ढकलणारा माणूस पिस्टनशी खेळतोय.

पेट्रोल आणि पुण्याची हवा

लॅम्डा वाचा, एअर-फ्युएल रेशोचा आकडा नको. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला साधारण ९. पंपावरच्या ई-२० ला (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) हिशेबानं १३.५ च्या आसपास. गेजवर १४.७ छापलेलं असतं ते शुद्ध पेट्रोल धरून. लॅम्डा १ म्हणजे कुठल्याही इंधनासाठी बरोबर मिश्रण, त्यात गोंधळ होत नाही. ई-१० वर बनवलेल्या मॅपला ई-२० वर तेवढ्याच हवेसाठी चारेक टक्के जास्त इंधन ओतावं लागतं. इंजेक्टर आणि पंप आधीच कडेला चालत असतील तर हे चार टक्केच वरच्या आरपीएमला रेल प्रेशर पाडतात. म्हणून टेस्टिंगला येताना एकाच पंपाचं, एकाच ऑक्टेनचं पेट्रोल भरा, चाळीस-पन्नास किलोमीटर निवांत चालवा, ट्रिम स्थिरावू द्या. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० पासून पुण्यात मिळतं. पण त्यावर बनवलेला मॅप घेऊन तुम्ही कोकणात उतरलात आणि तिथे साधं पेट्रोल भरलंत, तर काय होणार याचा विचार मॅप बनवताना करायचा. मी नेहमी विचारतो: रोज काय भरता? मॅप त्यावर बनतो.

पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर वर. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सर (नाव तेच, पण हा इनटेकमधल्या हवेचा दाब मोजतो) वाचला तर माझ्या शेडमध्ये ९५० मिलिबारच्या आसपास येतात, मुंबईत १,०१० च्या घरात. हा आकडा रोज सकाळी बघा. तो विचित्र आला तर सेन्सर किंवा वायरिंग खोटं बोलतंय आणि पुढचं सगळं मोजणं व्यर्थ आहे. टर्बो गाडीचा ईसीयू बूस्ट बहुधा निरपेक्ष दाबात मोजतो, बाहेरचा दाब धरून. मुंबईइतकाच आकडा पुण्यात गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. मुंबईत बेताचा वाटणारा मॅप महाबळेश्वरला टर्बोचा दम काढू शकतो.

डायनोचा आकडा ठरावीक हवामानाच्या हिशेबात बदलणाऱ्या करेक्शन फॅक्टरबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. जुन्या डीआयएन ७००२० च्या सूत्रात १,०१३ मिलिबार आणि २० अंश हा आधार धरतात. पुण्यात ९४८ मिलिबार आणि ३५ अंश असताना ते सूत्र जवळपास साडेनऊ टक्के वाढवून देतं. मोजलेले २०० कागदावर २१९ होतात. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे बिनटर्बोच्या इंजिनला हे न्याय्य आहे, कारण त्याला खरोखर विरळ हवा मिळतेय. टर्बो इंजिन मात्र ती विरळ हवा बहुतांशी स्वतःच भरून काढतं, आणि वर आपण कागदावर पुन्हा भरपाई देतो. म्हणून मी दोन्ही आकडे छापतो, करेक्शनसह आणि विना, आणि आधीचा-नंतरचा रन एकाच सकाळी, एकाच गिअरमध्ये, त्याच टायरच्या हवेवर काढतो. गिऱ्हाइकाला फरक विकायचा असतो, आकडा नव्हे.

गिअरबॉक्सशी खोटं बोलू नका

ड्युअल क्लच गिअरबॉक्स क्लच किती दाबून धरायचा हे इंजिननं सांगितलेल्या टॉर्कवरून ठरवतो. फोक्सवॅगन समूहाच्या कोरड्या क्लचच्या डीक्यू २०० ची मर्यादा २५० न्यूटन मीटर, ओल्या डीक्यू २५० ची ३५०. काही मॅपमध्ये इंजिनचा टॉर्क वाढवतात आणि गिअरबॉक्सला मात्र जुनाच आकडा कळू देतात, म्हणजे तो अडवणार नाही. तो अडवत नाही हे खरं, पण क्लचही जुन्याच ताकदीनं धरतो आणि घसरायला लागतो. सुरुवातीला जाणवतही नाही. लॉगमध्ये इंजिनचा आरपीएम आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा आरपीएम शेजारी ठेवा. गिअर तोच, पेडल पूर्ण, आणि दोघांतलं अंतर वाढत चाललंय? क्लच जळतोय. पोलो जीटी टीएसआय मूळ १७५ न्यूटन मीटरची गाडी. तिला २५० च्या आत ठेवून मालकाला नाराज करणं मला चालतं.

तसंच मी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट काढत नाही, डिझेलची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर काढत नाही आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे कोड सॉफ्टवेअरमधून गप्प करत नाही. गाडीतल्या बदलांबद्दलच्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भाग आहेच. इन्शुरन्स कंपनीला बदल कळवले नसतील तर क्लेमच्या वेळी अडचण येते, हेही मी लिहून देतो. पण त्याआधीचं कारण म्हणजे माझ्या शेडच्या पलीकडे शाळा आहे. आणि रोड टेस्टच्या नावाखाली रात्री एक्सप्रेसवेवर फुल थ्रॉटल रन काढायचे नाहीत. खरी वेगाची टेस्ट करायची तर ट्रॅक डे गाठा, कोइंबतूरचा कारी किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई. तिथे लॉगर सोबत न्या. एका लॅपमध्ये तेल आणि इनटेकचं तापमान जे सांगतं ते डायनो कधीच सांगत नाही.

त्या पांढऱ्या गाडीचं काय झालं

डायनो मोड लावून पुन्हा रन काढला. ३,८०० ची दरी गेली. पण ४,५०० च्या वर मागणी आणि मिळकतीत दोनशे मिलिबारचं अंतर राहिलं. दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच ग्राफमध्ये दडल्या होत्या, आणि पहिली हटवल्याशिवाय दुसरी दिसणार नव्हती. स्मोक मशीन लावलं. नव्या इंटरकूलरच्या खालच्या जोडावरून पांढरा धूर पातळ दोऱ्यासारखा वर आला. क्लॅम्प कडेवर चढला होता. काढून, पुसून, नीट बसवला. तिसऱ्या रनला मागणी आणि मिळकत एकमेकींवर बसल्या. मॅपला हातही लावला नाही.

(इंटरकूलरसाठी पुढचा बंपर काढलेली गाडी असेल आणि तिला रडार असेल, तर बसवल्यावर रडारचं कॅलिब्रेशन करून घ्या. अंशभर तिरका रडार शेजारच्या लेनमधल्या ट्रकसाठी ब्रेक मारू शकतो.)

शेवटी पुन्हा सगळे मॉड्यूल वाचले. रोलरमुळे आलेले चाकांच्या वेगाचे कोड आता पुसले, डायनो मोड बंद केला, ईएसपीचा दिवा विझलाय ना ते पाहिलं, शेडबाहेर रिकाम्या पट्ट्यावर ताशी चाळीसला एकदा जोरात ब्रेक मारून एबीएस पेडलखाली थरथरतं का ते पायानं तपासलं. मालकाला पेन ड्राइव्ह दिला: मूळ फाइल, पहिला रिपोर्ट, तिन्ही लॉग.

गेटपर्यंत गेला आणि परत आला. टायरच्या हवेचा दिवा लागला होता. ती गाडी टायरमधली हवा थेट मोजत नाही. चारही चाकांच्या वेगातल्या फरकावरून अंदाज बांधते, आणि सकाळपासून तिनं पुढची चाकं पळताना आणि मागची उभी असलेलीच पाहिली होती. चारही टायर गार होऊ दिले, गेज लावून हवा सारखी केली, मेन्यूत जाऊन सेट दाबलं. दिवा गेला आणि तोही गेला.